पटकीच्या दुखण्यात वेळेचे मोल

श्रोतेहो, काही दुखण्यांचा हिशेब महिन्यांनी होतो, काहींचा आठवड्यांनी. क्षय घरात वर्षानुवर्षे मुक्काम करतो. विषमज्वर तीन-तीन आठवडे माणसाला अंथरुणाशी बांधून ठेवतो. पण एक दुखणे असे आहे की त्याचा हिशेब केवळ तासांनी करावा लागतो. मराठीत त्यास पटकी म्हणतात. जुनी माणसे महामारी म्हणत. कोकणात आणि गोव्यात त्याचे नाव मोडशी. हुबळी-धारवाडकडच्या घरांत, जेथे मराठी आणि कन्नड एकाच ओसरीवर नांदतात, तेथे ‘वांतिभेदी’ हा शब्दही कानी पडतो. या सर्व नावांत तो अधिक स्पष्टवक्ता म्हटला पाहिजे. वांती म्हणजे ओकारी आणि भेदी म्हणजे रेच. दुखण्याचे सारे स्वरूप त्या जोडशब्दात आले.

अशा दुखण्यात घरच्या माणसांपुढे जो प्रश्न उभा राहतो तो पुरातन आहे. ‘सकाळपर्यंत थांबावे, की आताच निघावे?’ रात्रीची वेळ, रोगी ग्लानीत, घरातली वडील माणसे म्हणतात, उतरेल, पोटातली घाण निघून जाऊ द्या. या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास मनुष्यजातीला शेकडो वर्षे लागली. ते कसे मिळाले, याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रारंभ धारवाडपासूनच करू. 1817च्या जूनमध्ये पुण्याच्या तहाने पेशव्यांकडून धारवाडचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला आणि त्याची व्यवस्था लावण्यास टॉमस मन्रो या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. थोडीशी फौज आणि स्थानिक शिपाई यांच्या बळावर त्याने बदामी, बेळगाव आणि सोलापूर ही ठाणी 1818 साली काबीज केली. पुढे तो सर टॉमस होऊन मद्रासचा गव्हर्नर झाला. रयतवारी पद्धतीशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. 1827 साली स्वदेशी परतण्याच्या बेतात असताना, ज्या जिल्ह्यांत उमेदीची वर्षे घालविली त्यांचा निरोप घेण्यासाठी तो दौऱ्यावर निघाला. वाटेत त्याच्या छावणीत पटकी शिरली. 6 जुलै रोजी आजच्या कर्नूल जिल्ह्यातील पत्तीकोंडा येथे मुक्काम होता. त्या दिवशी सकाळी मन्रोला दुखणे लागले आणि त्याच रात्री त्याचा अंत झाला. एका इलाख्याचा हा गव्हर्नर. त्याच्या दिमतीला काय कमी होते? तरी सकाळ ते रात्र एवढाच अवधी त्यास मिळाला. गरिबाच्या झोपडीत आणि गव्हर्नरच्या तंबूत या रोगाने त्या काळी भेद केला नाही, याचे कारण त्या काळी दोघांजवळही उपाय नव्हता.

रोगाची ओळख मात्र आपल्याकडे जुनी होती. सुश्रुतसंहितेत ‘विसूचिका’ या नावाने वांती आणि अतिसार यांनी युक्त अशा विकाराचे वर्णन आहे आणि त्यातला कोणता रोगी हाताबाहेर गेला असे समजावे, याची लक्षणेही दिली आहेत. दात, ओठ आणि नखे काळवंडणे, शुद्ध मंदावणे, डोळे आत ओढले जाणे, आवाज क्षीण होणे, सांधे ढिले पडणे, ही ती लक्षणे होत. आजचा डॉक्टर रोग्याच्या उशाशी उभा राहून जे पाहतो, त्यापैकी कितीतरी गोष्टी त्या प्राचीन वैद्याने पाहून ठेवल्या होत्या.

गोव्यातील नोंदी त्याहून अधिक तपशीलवार आहेत. 1543 साली गोव्यात या रोगाची मोठी साथ आली. गास्पार कुरैया या पोर्तुगीज बखरकाराने तिची हकीगत लिहून ठेवली आहे. तो सांगतो की, वांत्यांबरोबर अशी तहान लागे की जणू कोठा करपून गेला आहे, आणि स्नायूंत असह्य गोळे येत. मृतांसाठी देवळांच्या घंटा दिवसभर वाजू लागल्या, तेव्हा लोक घाबरू नयेत म्हणून त्या वाजविण्याचीच गव्हर्नराने मनाई केली. एका मृताचे पोट फाडून पाहण्याचीही आज्ञा झाली. वैद्यांना जठर आक्रसून चामड्यासारखे सुरकुतलेले आढळले. दुसरे काही दिसले नाही. त्यानंतर वीस वर्षांनी, 1563 मध्ये, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्याने या रोगाचे स्थानिक नाव दिले, आणि तो बहुधा चोवीस तासांत माणसास मारतो, दहा तासही न टिकलेले रोगी आपण पाहिले आहेत, असे लिहिले. नाडी हातास न लागणे, अंग गार पडून घाम सुटणे, विलक्षण तहान, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे गोळे, सारे काही त्याने टिपले. आपल्या ‘मोडशी’ या शब्दाचे पोर्तुगीजांनी ‘मोर्देशी’ केले आणि पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याचे ‘मोर-द-श्याँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असे विद्रूप झाले. एका मराठी शब्दाने युरोपचा केलेला हा प्रवास मोठा विषण्ण करणारा आहे.

आता या सर्व वर्णनांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे तहान. रोग्याचे शरीर स्वतःच आपल्या मुखाने उपाय सांगत होते; परंतु ते ऐकण्यास कोणी तयार नव्हते. पोटात गेलेले पाणी लगेच बाहेर पडते, तेव्हा पाणी हेच वाईट, असा सर्वसाधारण समज झाला. पाश्चात्त्य डॉक्टर रोग्याच्या शिरेतून रक्त काढीत, पारदयुक्त रेचके देत, अफूचा अर्क पाजीत. तापलेल्या लोखंडाने टाचेस डाग देण्याचा उपचार सतराव्या शतकातील प्रवाशांनी नमूद केला आहे. ज्याच्या अंगातील पाणी आधीच आटले आहे त्याचे रक्त काढावयाचे, ही गोष्ट आज आपणास क्रूर वाटते. पण ती करणारी माणसे क्रूर नव्हती. मृत्यू कशाने येतो हेच त्यांस ठाऊक नव्हते.

1817च्या ऑगस्टात बंगालमधील जेसोर येथे जी साथ उद्भवली तिने सर्व हिंदुस्थान व्यापला. त्याच साली नोव्हेंबरात बुंदेलखंडात मार्क्विस ऑफ हेस्टिंग्जच्या लष्करी तळावर हजारो माणसे मेली. पुढच्या वर्षी ती नागपूर, पुणे आणि मुंबई येथे पोहोचली आणि दख्खन ओलांडून ऑक्टोबरपर्यंत मद्रासेस गेली. पेशवाईचा अस्त आणि पटकीचे हे आगमन यांचे साल एकच आहे. फौजांच्या आणि यात्रेकरूंच्या वाटा याच रोगाच्या वाटा ठरल्या. गावोगाव मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडण्याची चाल आपल्या सर्वांच्या ऐकण्यात आहे. धारवाडच्या बाजूस द्यामव्वा आणि दुर्गव्वा या ग्रामदेवतांना साथीच्या संकटात साकडे घातले जाई. या चालींना हसणे सोपे आहे. पण ज्या समाजाच्या हाती दुसरा उपाय नव्हता, त्याने निदान एकमेकांचा हात धरून ते संकट सोसले, एवढे श्रेय त्यास दिलेच पाहिजे.

उपायाचा पहिला किरण 1831 साली इंग्लंडमध्ये दिसला. सुंदरलँड येथे पटकी येऊन धडकली असता विल्यम ओशॉनेसी नावाचा एक तरुण डॉक्टर तेथे गेला. त्याने रोग्यांचे रक्त तपासले, आणि त्या रक्तातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात नाहीसे झाले आहेत, असे दाखविले. पुढे हाच ओशॉनेसी हिंदुस्थानात आला आणि येथील तारायंत्राचा आद्य प्रवर्तक म्हणून प्रसिद्धी पावला. त्याच्या शोधावरून 1832 साली एडिंबरोजवळच्या लीथ बंदरात टॉमस लाटा या डॉक्टराने एक धाडस केले. मरणोन्मुख अशा एका वृद्ध स्त्रीच्या शिरेत त्याने मिठाचे पाणी सोडण्यास आरंभ केला. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरांहून अधिक पाणी गेले. लुप्त झालेली नाडी परत आली, खोल गेलेला चेहरा उजळला, गार पडलेले हातपाय ऊबदार झाले. धोका टळला असे समजून लाटा तिला दुसऱ्या डॉक्टराच्या हवाली करून गेला. परंतु वांत्या आणि जुलाब पुन्हा सुरू झाले. पाणी मात्र पुन्हा दिले गेले नाही. आणि साडेपाच तासांत ती स्त्री वारली.

श्रोतेहो, या एका गोष्टीत पटकीचे सारे शास्त्र साठवले आहे. रोग्यास थोडे बरे वाटले म्हणजे रोग गेला असे नव्हे. जोवर पाणी बाहेर जात आहे तोवर ते आत येत राहिले पाहिजे, गेले तेवढे आणि जाईल तेवढे. लाटाचा उपाय त्या काळच्या अशुद्ध पाण्यामुळे आणि ओबडधोबड साधनांमुळे मागे पडला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा तेथील पटकीच्या रोग्यांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा साठीच्या घरातून तिशीच्या घरात आले.

दरम्यान हुबळीचे रूप पालटले होते. 1880च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, तिचा कारखाना उभा राहिला, कापसाची बाजारपेठ फुगली आणि नव्या वस्त्या पडल्या. रेल्वेबरोबर व्यापार आला तशा साथीही आल्या. हाफकिन या शास्त्रज्ञाने प्रथम पटकीवरची आणि नंतर प्लेगवरची लस तयार केली. 1898च्या प्लेगात हुबळीत हजारो नागरिकांनी ही दुसरी टोचणी घेतली. लसीच्या इतिहासात या शहराचे नाव आले ते यामुळे. परंतु टोचणी ही पुढच्या संकटावरची तरतूद. ज्याच्या घरात आज रात्री वांत्या लागल्या आहेत त्याच्या प्रश्नाचे उत्तर टोचणीत नव्हते. मोठ्या शहरातील सुसज्ज इस्पितळ गाठता आले तर जीव वाचे, एरव्ही नाही, अशी स्थिती पुढे कित्येक दशके राहिली.

ती पालटली बंगालमध्ये. 1953 साली कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ज्यांचे दुखणे विकोपास गेले नव्हते अशा रोग्यांना मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी तोंडावाटे देऊन बरे केल्याचे वृत्त ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दिले. 1959 साली कलकत्त्याचेच डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले की, पटकीचे जंतू एक विष निर्माण करतात आणि त्या विषाने आतड्यात पाणी साचते. तीव्र पटकीत प्रौढ माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते. पण एक द्वार निसर्गाने उघडे ठेवले आहे. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असली तर आतडे ती दोन्ही शोषून घेते आणि त्यांच्या पाठोपाठ पाणीही आत येते. हे द्वार पटकीच्या विषानेही बंद होत नाही.

या ज्ञानाची खरी कसोटी 1971 साली लागली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगाव येथील इस्पितळात पटकीचे रोगी जमिनीवर पडून होते आणि शिरेवाटे देण्याचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यास 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा, असे मिश्रण पिंपांत कालवून ठेवले आणि रोग्यांच्या नातलगांच्या हाती पेले दिले. आई मुलाला, भाऊ भावाला ते पाणी पाजू लागला. छावण्यांत शंभरांत सुमारे तीस जण मरत होते. बनगावात हे प्रमाण चारांच्याही खाली आले. 2022 साली निवर्तलेल्या या डॉक्टरांना पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी ही त्या पिंपांचीच वंशज होय.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष असा की, वांती-जुलाबांत माणसाला बहुधा मारते ती पाण्याची तूट. म्हणून ‘थांबावे की निघावे’ याचा निर्णय वांत्यांच्या संख्येवरून करण्यापेक्षा त्या तुटीच्या चिन्हांवरून करावा.

रोगी शुद्धीवर आहे, बोलतो आहे, लघवी होत आहे, थोडेथोडे पाणी पोटात टिकत आहे, तोवर घर हेच त्याचे इस्पितळ. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. अधिक मीठ घालण्याचा मोह टाळावा, ते अपायकारक असते. वांती झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि मग चमच्या-चमच्याने, सावकाश पुन्हा सुरू करावे. घटाघटा पाजलेले उलटते, चमच्याने दिलेले बहुधा टिकते. आपल्याकडची तांदळाची पेज, जिला कन्नड घरांत गंजी म्हणतात, तीही चिमूटभर मीठ घालून उत्तम. अंगावरच्या मुलाचे दूध तोडू नये. ‘वांती होते म्हणून पाणी बंद’ हा शेकडो वर्षांचा चुकीचा समज आता तरी घराबाहेर घालवावा.

पण पुढील चिन्हे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. मोठ्या माणसास आठ तास आणि लहान मुलास सहा तास लघवी न होणे. डोळे खोल जाणे. जीभ कोरडी ठणठणीत होणे. चिमटीत धरलेली पोटाची कातडी सोडल्यावर सावकाश खाली बसणे. हातपाय गार पडणे, नाडी जलद आणि क्षीण होणे. उभे राहताच भोवळ येणे. बोलणे असंबद्ध होणे किंवा माणूस सारखा पेंगणे. तान्ह्या मुलाची टाळू खोल जाणे आणि रडताना डोळ्यांत पाणी न येणे. पोटात घोटभर पाणीही टिकत नसेल, किंवा तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब लागोपाठ होऊ लागले असतील, तर ही चिन्हे उमटण्याचीही वाट न पाहता निघावे. सहा महिन्यांच्या आतील मूल, गरोदर स्त्री, वृद्ध आणि मधुमेही यांच्याबाबतीत तर लवकरच डॉक्टर गाठावा.

आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. प्रत्येक वांती ही पोटाचीच नसते. वांतीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट पडणे, हिरवी वांती, पोटात असह्य कळ, डोक्यास मार लागल्यानंतरची वांती, तीव्र डोकेदुखी व मान ताठणे, छातीत दुखून घाम सुटणे, शेतात औषधाची फवारणी करून आल्यावर वांत्या होणे, या गोष्टींत साखर-मिठाच्या पाण्यावर विसंबून राहू नये. तडक इस्पितळ गाठावे.

हुबळीत 1957 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचे मोठे इस्पितळ आहे. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. गाडी येईपर्यंत आणि वाटेतही, रोगी शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर, चमच्याने पाणी चालूच ठेवावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये. इस्पितळात शिरेवाटे सलाइन देऊन काही तासांत ती तूट भरून काढतात. आज वर्तमानपत्रांत ‘गॅस्ट्रो’ या नावाने ज्या साथींच्या बातम्या येतात, त्यांतील जीवही याच दोन साधनांनी वाचतात, एक चमचा आणि दुसरे सलाइन. कोणते साधन केव्हा, एवढेच घरच्यांनी ओळखावयाचे असते.

पत्तीकोंड्याच्या तंबूत मन्रोपाशी हे दोन्ही नव्हते. आज गल्लीतल्या औषधाच्या दुकानात एक आहे आणि तालुक्याच्या इस्पितळात दुसरे. तेव्हा यापुढे या दुखण्याने कोणाचा जीव गेला तर त्याचे कारण बहुधा उपायाचा अभाव हे नसेल. आपण दवडलेले तास हेच असेल.